घरच्या बागेसाठी पावसाचे पाणी साठवायचे असेल, तर टाकी किती मोठी घ्यावी?

मोगरा_पाचगाव

नमस्कार. आमचे घर कोल्हापूरजवळच्या पाचगावच्या वरच्या अंगाला आहे. घर एकमजली असून गच्चीचा स्लॅब साधारण ५०० चौरस फूट भरतो, आणि मागे धुण्याच्या जागेवर घातलेला पत्रा १५० चौरस फुटांचा आहे. बाग म्हणावी इतकी मोठी नाही. ४० कुंड्या, मेथी-कोथिंबिरीचा एक वाफा, लिंबू, कढीपत्ता, दोन जास्वंदी आणि सासूबाईंच्या हातचा एक जुना मोगरा. नळाचे पाणी घरखर्चालाच पुरते, त्यामुळे झाडांना बोअरचे पाणी द्यावे लागते आणि ते इतके जड आहे, की कुंडीच्या काठावर बसलेला पांढरा थर नखाने खरवडला तर त्याची पापडी निघते. मोगऱ्याची नवी पाने शिरा हिरव्या ठेवून मधून पिवळी पडतात. पावसाळ्यात हाच मोगरा आपोआप सुधारतो, म्हणून पावसाचे पाणी साठवावे असे मनात आले.

गेल्या वर्षी गच्चीच्या पाईपखाली २०० लिटरचे एक निळे पिंप ठेवले. मृगाच्या पहिल्या जोरदार सरीतच ते भरून वाहू लागले आणि पुढे तीन महिने तसेच भरलेले उभे राहिले, कारण त्या दिवसांत झाडांना पाणी घालण्याची वेळच येत नव्हती. ऑगस्टमध्ये पाण्याला शेवाळाचा वास येऊ लागला आणि झाकण काढले तेव्हा आत डासांच्या अळ्या वळवळत होत्या. ऑक्टोबरच्या उन्हात जेव्हा पाण्याची खरी गरज पडली, तेव्हा ते पिंप दोन दिवसांत रिकामे झाले. आता १००० किंवा २००० लिटरची टाकी घ्यावी असे यजमान म्हणतात. मला मात्र वाटते, की हेच सगळे मोठ्या प्रमाणावर पुन्हा घडेल. पाडवा झाला आहे, मृगाला दोन महिने आहेत. ज्यांनी हे काम प्रत्यक्ष केले आहे, त्यांनी कृपया सांगावे.

जुना_ओव्हरसिअर

ताई, तुमची शंका रास्त आहे, पण तिचे उत्तर टाकीच्या आकारापेक्षा पंचांगात जास्त आहे. आधी हिशोब मांडतो. एक चौरस मीटर छपरावर एक मिलिमीटर पाऊस पडला, की एक लिटर पाणी होते. यापलीकडे कोणतेही सूत्र पाठ करण्याची गरज नाही. तुमचा स्लॅब ४६ चौरस मीटर आणि पत्रा १४ चौरस मीटर. स्लॅबवर पाणी मुरते, खळग्यांत साचते, काही उडून जाते, म्हणून त्यातले शेकडा ८० हाती येते असे धरावे. पत्र्यावरचे शेकडा ९० येते. कोल्हापूर शहराच्या बाजूला वर्षाला साधारण १००० मिलिमीटर पाऊस धरला, तर तुमच्या छपरावरून ४९ हजार लिटरच्या घरात पाणी वाहून जाते. (गगनबावडा येथून पंचावन्न किलोमीटरवर आणि तिथला पाऊस ५००० मिलिमीटरच्या पुढे, तेव्हा तिकडच्या पाहुण्यांनी सांगितलेले माप आपल्याकडे लावू नये.)

आता दुसरी बाजू. तुमच्या बागेला उन्हाच्या दिवसांत रोज १०० लिटर पाणी लागेल, असे तुम्ही दिलेल्या वर्णनावरून वाटते. फेब्रुवारी ते मे हे चार महिने केवळ साठवणीवर काढायचे म्हटले, तर १२ हजार लिटर साठवावे लागतात. म्हणजे दहा फूट लांब, आठ फूट रुंद आणि सव्वापाच फूट खोल असा पक्का हौद. एवढ्या कुंड्यांसाठी तो खर्च कुणी करू नये, असे माझे स्पष्ट मत आहे.

मग लहान टाकीचा उपयोग काय? तिचा उपयोग पावसाळ्यात नाहीच. तो पावसाळ्याच्या दोन्ही टोकांना आहे. आपल्याकडे एप्रिल-मे महिन्यांत वळीव येतो. दुपारपर्यंत अंगाची लाही होते, चारच्या सुमाराला ढग जमतात, वारा सुटतो आणि तासाभरात वीस मिलिमीटर पाऊस पडून पुन्हा आकाश मोकळे होते. तेवढ्या एका वळवात तुमच्या स्लॅबवरून सुमारे ७४० आणि पत्र्यावरून २५० लिटर, म्हणजे जवळजवळ १००० लिटर पाणी येते, आणि तेही अशा दिवसांत, जेव्हा बाग पाण्यासाठी आसुसलेली असते. ते दहा दिवस पुरेल, तोवर दुसरा वळीव आला तर टाकी पुन्हा भरेल. दुसरे टोक परतीच्या पावसाचे. हस्त आणि चित्रा या नक्षत्रांत टाकी धुऊन स्वच्छ करून शेवटच्या पावसाने काठोकाठ भरून घेतली, की ऑक्टोबरच्या उन्हात आणखी दहा-बारा दिवस निघतात. मधल्या काळात, म्हणजे मृगापासून उत्तरापर्यंत, टाकीची तोटी सरळ उघडी ठेवावी आणि पाणी जाऊ द्यावे. भरलेली टाकी तीन महिने सांभाळत बसण्याचा मोह तेवढा सोडा. ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांची उघडीप पडते, तेव्हा छज्जाखालच्या कुंड्यांपुरते एखादे पिंप भरलेले असले म्हणजे पुरे.

म्हणून १००० लिटरची एक टाकी घ्या. २००० ची घेतली तरी चालेल, पण वळवाच्या एका सरीत ती बहुधा अर्धीच भरेल.

बांधकामाबद्दल दोन गोष्टी सांगतो, कारण त्यांत मी स्वतः ठेच खाल्ली आहे. गच्चीवर टाकी ठेवण्याचा विचार मनातून काढून टाका. माणसांचा वावर असलेल्या गच्चीचा स्लॅब दर चौरस मीटरला साधारण १५० किलो भार धरून काढलेला असतो. भरलेले २०० लिटरचे पिंप जेवढ्या जागेवर उभे राहते, तेवढ्या जागेवर त्याचा भार चौरस मीटरला साडेसातशे किलोच्या आसपास जातो. पिण्याच्या पाण्याची टाकी ज्या ठिकाणी असते, तिथे खाली भिंती आणि तुळया पाहूनच ती ठेवलेली असते. पावसाची टाकी जमिनीवरच, दोन-अडीच फुटांच्या पक्क्या ओट्यावर ठेवावी, म्हणजे तोटीखाली झारी मावते.

दुसरी गोष्ट वाहत्या पाण्याच्या वाटेची. मंगळवार पेठेतल्या आमच्या घरी मी चार इंची पाईपने पाणी टाकीत घेतले आणि जास्तीचे पाणी बाहेर जाण्यासाठी एक इंची नळी बसवली. आयुष्यभर लोकांची कामे तपासली आणि घरी ही चूक केली. तासाला साठ मिलिमीटरच्या वेगाने पाऊस कोसळत असेल, तर तुमच्या स्लॅबवरून मिनिटाला चाळीस लिटरच्या आसपास पाणी येते. एक इंची नळीतून ते कसे जाणार? टाकी झाकणातून उतू जाऊन पाणी भिंतीच्या पायाशी मुरत राहिले, ते आम्हाला दिसले नाही. दिसला तो श्रावणात देवघराच्या भिंतीचा फुगलेला गिलावा. तेव्हा पाणी ज्या मापाने आत येते, त्याच मापाने बाहेर जाण्याची वाट ठेवा, आणि ती भिंतीपासून दूर गटारात किंवा शोषखड्ड्यात न्या.

बावडेकरीण

काकांचा हिशोब अचूक आहे. मी फक्त वळवाच्या पाण्याबद्दल सावध करते. आमचे घर कसबा बावड्यात आहे आणि आमच्याकडे पन्हळ लावलेला पत्रा आहे, स्लॅब नाही. दिवाळीपासून पुढे पाच-सहा महिने छपरावर पाऊस पडलेला नसतो. त्या काळात धूळ, पाला, कबुतरांची घाण आणि हंगामात उडून येणारी उसाच्या चिपाडाची काळी राख असे सगळे पन्हळीत बसते. पहिल्या वळवाचे पाणी मी एकदा कौतुकाने पांढऱ्या बादलीत धरले, तर ते काळ्या चहासारखे होते आणि बादलीच्या तळाशी बोटभर गाळ बसला.

म्हणून पहिले पाणी सोडून द्यावे लागते. पुस्तकात दोन-तीन फूट आडवी-उभी पाईप लावून तिच्यात पहिले पाणी अडवण्याची युक्ती दाखवलेली असते, पण चार इंची पाईपमध्ये एका मीटरला आठ लिटरच पाणी मावते. ताई, तुमच्या छपराचे पहिल्या एका मिलिमीटरचेच पाणी साठ लिटर होईल, तेव्हा त्या तेवढ्याशा पाईपने काही साधत नाही. मी केलेला उपाय साधा आहे. टाकीत जाणाऱ्या पाईपला वर एक कोपर, म्हणजे वळणाचा तुकडा, सैल बसवला आहे, सोल्यूशनने चिकटवलेला नाही. उन्हाळाभर त्याचे तोंड गटाराकडे असते. वळीव सुरू झाला, की दहा-पंधरा मिनिटे पाहते, पाणी नितळ झाले की कोपर टाकीकडे फिरवते. घरी कुणी नसेल तर त्या दिवशीचे पाणी जाते, एवढा तोटा आहे. पण टाकी घाण होण्यापेक्षा तो परवडतो. मार्चअखेर एकदा शिडी लावून पन्हळ झाडून काढली, तर पंधरा मिनिटांची पाच होतात.

डासांविषयी तुम्ही लिहिले आहे, ते गंभीरपणे घ्यावे. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गटारात नव्हे, अशाच स्वच्छ साठवलेल्या पाण्यात अंडी घालतो आणि अंड्यापासून उडत्या डासापर्यंत त्याला आठ-दहा दिवस पुरतात. त्यातली न दिसणारी गोष्ट अशी, की अंडी पाण्याच्या पातळीच्या जरा वर पिंपाच्या भिंतीला चिकटलेली असतात, आणि पिंप कोरडे केले तरी ती कित्येक महिने जगतात. म्हणजे नुसते पाणी ओतून दिले तर काम होत नाही. पाणी ओतल्यावर आतली कड काथ्याने घासावी लागते. तोंडावर बारीक नायलॉनची जाळी आणि ती घट्ट बसण्यासाठी सायकलच्या जुन्या ट्यूबची पट्टी मी वापरते, कारण सुतळी पावसात सैल पडते आणि बोटभर फट राहिली तरी डासाला ती पुरते. जास्तीचे पाणी जाण्याच्या पाईपलाही जाळी हवी. तिथेच सगळे विसरतात. वासाचे कारण बहुतेक उजेड असेल. फिक्या रंगाच्या पिंपातून उजेड आत शिरतो आणि शेवाळ धरते. काळी टाकी घ्या किंवा जुन्या पिंपाला पोत्याने गुंडाळा.

ओट्याबद्दल माझाही अनुभव सांगते. आमची जमीन काळी आहे. मी सुट्या विटा रचून त्यावर पिंप ठेवले होते. आर्द्रात माती फुगून मऊ झाली, एका बाजूच्या विटा खचल्या आणि भरलेले पिंप रात्री लवंडून शेजारची फुलावर आलेली अनंताची फांदी बुंध्यापासून फाटली. दोनशे किलोचे ओझे होते, दिवसा लवंडले असते आणि जवळ एखादे मूल असते तर, हा विचार आजही नको वाटतो. तुमच्याकडे मुरूम असेल तर धोका कमी, तरी पाया खणूनच ओटा बांधा. आणि नदीकाठच्या सखल भागातल्या वाचकांनी, ज्यांनी २००५, २०१९ किंवा २०२१ चा पूर घरात पाहिला आहे, त्यांनी पावसाळ्यात बंद तोंडाचे रिकामे पिंप मोकळे ठेवू नये. ते पुराच्या पाण्यावर तरंगत जाते आणि जाताना पाईपही ओढून नेते.

मोगरा_पाचगाव

काका, ताई, दोघांचे मनापासून आभार. वळवाचा विचार मला सुचलाच नव्हता; मी मृगाकडे डोळे लावून बसले होते. आज फुटपट्टी घेऊन मागची जागा मोजली. मोरीच्या भिंतीपासून तीन फूट सोडून टाकी बसते आणि पत्र्याचे पाणीही तिथेच आणता येते. दोन शंका राहिल्या. पावसाळ्यातले जे पाणी सोडून द्यायचे, ते थेट बोअरमध्ये सोडले तर बोअरचे पाणी हलके होईल का? शेजारच्यांनी तसे केले आहे. आणि शिरोलीच्या कारखान्यांकडून जुनी पिंपे स्वस्तात मिळतात असे यजमान म्हणतात. ती घ्यावीत का?

जुना_ओव्हरसिअर

पिंपाबाबत एकच पथ्य: त्यात आधी काय भरलेले होते, हे विकणाऱ्याने सांगितले पाहिजे आणि लेबल शाबूत असले पाहिजे. खाद्य तेल किंवा साखरेचा पाक असेल तर खुशाल घ्या. रसायनाचे पिंप कितीही धुतले तरी प्लास्टिकमध्ये मुरलेले निघत नाही, आणि तुमच्याकडे मेथी-कोथिंबिरीचा वाफा आहे. बोअरबद्दल, गाळण करून पाणी सोडायला माझी हरकत नाही.

मुरूम_आणि_माती

ओव्हरसिअर साहेबांशी इथे थोडा मतभेद नोंदवतो. छपराचे पाणी थेट बोअरच्या केसिंगमध्ये, म्हणजे तोंडाशी बसवलेल्या पाईपमध्ये, सोडू नये, गाळणी असली तरी. गाळणीने पालापाचोळा आणि गाळ अडतो, पक्ष्यांच्या विष्ठेतले जंतू अडत नाहीत. आपल्याकडचा खडक काळा पाषाण आहे. पाणी त्याच्या भेगांतून आणि वरच्या मुरमाच्या थरातून फिरते. भेगेतून गेलेले पाणी वाटेत गाळले जात नाही, आणि ती भेग शेजारच्या कुणाच्या पिण्याच्या बोअरला जाऊन मिळते की काय, हे वरून सांगता येत नाही. बोअरचे पाणी हलके होईल, अशी खात्रीही याच कारणाने देता येत नाही. तुमचे मुरवलेले पाणी तुमच्याच बोअरला येईल, असा नियम नाही.

त्याऐवजी शोषखड्डा करावा. पाचगावचा वरचा भाग त्याला योग्य आहे. पाच फूट लांब-रुंद आणि सहा फूट खोल खड्डा, घराच्या पायापासून दहा फूट दूर आणि संडासाच्या टाकीपासून जितका लांब जमेल तितका लांब. तळाशी मोठे दगड, त्यावर खडी, वर भरड वाळू. दरवर्षी मे महिन्यात वाळूचा वरचा गाळाचा थर खरवडून काढला नाही, तर दोन पावसाळ्यांत खड्डा बुजल्यासारखा होतो. खणण्याआधी एक परीक्षा करून पाहा: हातभर खोल लहान खड्डा खणा, पाण्याने दोनदा भरून मुरू द्या, तिसऱ्यांदा भरून वेळ लावा. तासाभरात पाणी ठळकपणे उतरले तर पुढे जावे. सकाळी भरलेले पाणी संध्याकाळीही तसेच दिसले तर शोषखड्ड्याचा नाद सोडावा. बावड्यासारख्या काळ्या जमिनीत किंवा पंचगंगेच्या काठाजवळ जुलैमध्ये जमीन स्वतःच पाण्याने भरलेली असते, तिथे आणखी पाणी मुरवायला जागाच नसते.

मोगऱ्यासाठी मात्र बोअर हलके होण्याची वाट पाहू नका. तुम्ही वर्णन केलेले पान लोह न मिळाल्याचे लक्षण आहे. जड पाण्याने माती अल्कधर्मी होते आणि मातीत लोह असूनही मुळांना ते घेता येत नाही. टाकीतले पाणी सगळ्या चाळीस कुंड्यांना वाटण्याऐवजी मोगरा, अनंत, नेचे अशा नाजूक झाडांना राखून ठेवा, आणि बाकीच्या काटक झाडांना बोअरचे चालू द्या. असे केले तर तुमचा १००० लिटरचा साठा दहा दिवसांऐवजी महिनाभर जाईल.

आणखी एक. आता ऊसतोडी संपत आल्या आहेत, पाचट कुणीही फुकट देईल. वाफ्यावर आणि मोठ्या कुंड्यांत चार बोटे पाचट अंथरा. झाकलेली माती दुसऱ्या दिवशी उकरून पाहिली, तर पाचटाखाली बोट गार लागते आणि उघड्या कुंडीत धूळ लागते. साठवलेले पाणी जपण्याचा याहून स्वस्त उपाय मला माहीत नाही.

जुना_ओव्हरसिअर

जंतूंचा मुद्दा मान्य आहे. बोअरबद्दलचे माझे वाक्य मागे घेतो.

मोगरा_पाचगाव

ठरले तर मग. १००० लिटरची काळी टाकी, दगडी पायाचा ओटा, आत येणारा आणि बाहेर जाणारा पाईप दोन्ही चार इंची, आणि वर न चिकटवलेला कोपर. शोषखड्ड्याची परीक्षा या रविवारी करते. पाचटासाठी भावाला निरोप धाडला आहे. तो म्हणाला, ट्रॉलीभर आणू का, तेव्हा दोन पोती पुरेत असे सांगावे लागले. गवंडी उद्या येणार आहे. त्याला तोटी कुठे बसवायला सांगू? अगदी तळाशी बसवली तर सगळे पाणी निघेल, असे तो म्हणतो.

बावडेकरीण

तळाशी नको. कितीही जपले तरी बारीक गाळ येतोच आणि तो तोटीत अडकतो. झारीची तोटी तळापासून चार बोटे वर घ्या, आणि गाळ धुऊन काढण्यासाठी अगदी तळाला वेगळी दीड इंची तोटी ठेवा. हस्तात टाकी धुताना तीच लागेल. ओट्याला तिच्या बाजूने किंचित उतार द्यायला गवंड्याला आजच सांगा, नंतर तो ऐकणार नाही.